शंका-समाधान : ‘प्रयोग’ नेमका कशाचा?

या वेळच्या टपालात व्याकरणाची पत्रे जास्त आली आणि त्यांतली बहुतेक एकाच शब्दाभोवती घोटाळणारी आहेत. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावे शाळेत तोंडपाठ होतात. नावांचा अर्थ मात्र क्वचितच कुणी सांगतो आणि पुढची गल्लत तिथूनच सुरू होते. म्हणून हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रांतला मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

नाट्यगृहात नाटकाचा ‘प्रयोग’, शाळेत विज्ञानाचा ‘प्रयोग’ आणि व्याकरणाच्या तासालाही ‘प्रयोग’. हा एकच शब्द आहे की तीन वेगळे?
— एक नाट्यरसिक, शाहूपुरी

एकच. प्र + युज् + अ (संस्कृत व्याकरणातला घञ् प्रत्यय) अशी त्याची घडण. ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे. हा प्रत्यय लागला की धातूच्या शेवटच्या ‘ज्’चा ‘ग्’ होतो. त्यज्-त्याग, भुज्-भोग, रुज्-रोग, भज्-भाग, तसेच युज्-योग. संस्कृत वैयाकरण पाणिनीने हा बदल आपल्या ‘अष्टाध्यायी’च्या सातव्या अध्यायात (7.3.52 म्हणजे अध्याय, पाद, सूत्र) सांगितला आहे. योजना, युक्ती, संयोग, उपयोग, नियोग ही सगळी याच घरातली मंडळी. बैलाच्या मानेवरचे ‘जू’सुद्धा ‘युग’ या शब्दावरून आले, आणि ‘युग’ पुन्हा युज् धातूचाच.

‘प्र’ने पुढे आणण्याची छटा येते. ठेवणीतली वस्तू पुढे काढून कामाला लावणे म्हणजे प्रयोग. संहिता मंचावर आली की नाटकाचा प्रयोग, सिद्धान्त परीक्षानळीत उतरला की विज्ञानाचा, मंत्र विधीत आला की कर्मकांडातला प्रयोग. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर खजिना रोडावण्याच्या कारणांत ‘प्रयोग’ मोजला आहे. तिथे अर्थ होतो, सरकारी द्रव्य व्याजाने लावणे. बसून असलेला पैसा कामाला जुंपला, म्हणून तोही प्रयोगच. 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभ्या राहिलेल्या आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या फलकावरचा शब्द आणि व्याकरणाच्या पुस्तकातला शब्द यांत फरक इतकाच की कामाला काय लावले.

व्याकरणात कामाला लागतो तो क्रियापदाचा प्रत्यय. पूर्ण नाव आहे ‘कर्तरि प्रयोगः’. ‘कर्तरि’ हे ‘कर्तृ’ शब्दाचे सप्तमीचे रूप, ‘कर्मणि’ हे ‘कर्मन्’चे आणि ‘भावे’ हे ‘भाव’चे. ही सप्तमी ‘च्या अर्थी’ अशी घ्यायची. कर्त्याच्या अर्थी प्रत्यय योजला तर कर्तरी, कर्माच्या अर्थी योजला तर कर्मणी, नुसत्या क्रियेच्या अर्थी योजला तर भावे. पाणिनीचे सूत्र आहे : ‘लः कर्मणि च भावे चाकर्मकेभ्यः’ (3.4.69). धातू सकर्मक असेल तर क्रियापदाचे प्रत्यय कर्ता किंवा कर्म सांगतात, अकर्मक असेल तर कर्ता किंवा भाव. इथला ‘भाव’ मनातला नव्हे आणि बाजारातलाही नव्हे. भाव म्हणजे क्रिया, ‘असणे-होणे’.

तेव्हा ‘प्रयोग’ या नावाने एकच गोष्ट विचारली जाते : क्रियापदाचा शेवट कुणाकडे बघून ठरला? वाक्याचा अर्थ काय, जोर कुणावर, कृती कुणी केली, हे त्यात विचारलेलेच नाही.

‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. मग इंग्रजीत त्याचे पॅसिव्ह व्हॉइस करायचे का? मुले तसेच करतात. त्यात हिंदीच्या तासाला हेच वाक्य ‘कर्तृवाच्य’ म्हणून शिकवले जाते. मुलांना काय सांगू?
— एक शिक्षिका, गडहिंग्लज

पॅसिव्ह करायचे नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे अर्थाने सरळ विधान आहे, राम त्यात ठळकपणे कर्ता आहे, आणि इंग्रजीत त्याचे भाषांतर ॲक्टिव्हच होईल. कर्मणी आहे ते एवढ्यापुरते की ‘खाल्ला’ हे रूप आंब्यामुळे आले. भाकरी असती तर ‘खाल्ली’, केळे असते तर ‘खाल्ले’. रामाऐवजी सीता आणली तरी क्रियापद हलत नाही.

हिंदीच्या व्याकरणाने यासाठी दोन कप्पे केले आहेत. अर्थ कुणाला धरून आहे ते ‘वाच्य’ आणि क्रियापदाचे रूप कुणाला जुळते तो ‘प्रयोग’. ‘राम ने रोटी खाई’ हे तिथे कर्तृवाच्य आणि कर्मणि प्रयोग, दोन्ही एकाच वेळी. विरोध काहीच नाही. मराठीत मात्र दोन्ही कामे ‘प्रयोग’ या एकाच शब्दावर पडली आणि त्यात इंग्रजीच्या तासाला व्हॉइस म्हणजे प्रयोग असे ठोकून दिले जाते. आमच्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ हेच भाषांतर. व्हॉइस हा वाच्याच्या जवळचा आहे, प्रयोगाच्या नव्हे.

हे असे का झाले, त्याला इतिहास आहे. संस्कृतात भूतकाळ सांगायला ‘क्त’ प्रत्ययाची धातुसाधिते (‘गत’, ‘खादित’ अशी धातूपासून बनलेली रूपे) फार वापरात आली. हा प्रत्यय सकर्मक धातूला लागला तर कर्माच्या अर्थी (3.4.70), जाणे-येणे या अर्थाच्या आणि अकर्मक धातूंना मात्र कर्त्याच्या अर्थीही लागतो (3.4.72). म्हणून ‘रामः गतः’, पण ‘रामेण फलं खादितम्’. प्राकृतातून येता येता या रूपांना ‘ल’ चिकटला आणि आपल्याला मिळाले ‘राम गेला’, ‘रामाने फळ खाल्ले’. अडीच हजार वर्षांपूर्वीची वाटणी आपण आजही रोज बोलताना पाळतो. चालू काळाचे ‘करतो’ हे ‘शतृ’ या कर्त्याच्या अर्थी येणाऱ्या प्रत्ययातून आले, म्हणून ‘राम आंबा खातो’ कर्तरी. ‘-आवे’ हे ‘तव्य’ प्रत्ययाचे वंशज. ‘तव्य’ कर्म आणि भाव या अर्थीच लागतो, म्हणून ‘त्याने पत्र लिहावे’ कर्मणी आणि ‘त्याने जावे’ भावे. काळ बदलला की प्रयोग बदलतो असे मुलांना वाटते. बदलतो तो प्रत्ययाचा वंश.

खरीखुरी कर्मवाच्य म्हणावी अशी रूपेही मराठीत होती. जुन्या मराठीतले ‘करिजे’, ‘बोलिजे’ हे ‘-इज’वाले कर्मणी आता पुराण कर्मणी म्हणून उदाहरणांपुरते उरले आहे. पण दोन शब्दांत ते आजही रोज आपल्या तोंडी आहे : ‘म्हणजे’ (मूळचे म्हणिजे, ‘म्हटले जाते’) आणि ‘पाहिजे’ (मूळचे ‘पाहिले जाते’). ‘मला पुस्तक पाहिजे’, ‘पुस्तके पाहिजेत’ असा बदल होतो तो याच जुन्या जडणघडणीमुळे.

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. प्रयोग ओळखायची पक्की रीत सांगा. ‘कर्त्याला ने असेल तर कर्मणी’ हे सूत्र धरून दर वेळी एक-दोन मार्क जातात.
— एक विद्यार्थी, कागल

‘ने’चे सूत्र सोडा. ‘ने’ कर्मणीतही असतो आणि भाव्यातही, आणि ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांच्या अंगावर तो कधी दिसतच नाही.

सुरुवात क्रियापदापासून करा. धातू काढा, त्याला ‘-णारा’ लावून ‘कोण?’ विचारा, तो कर्ता. मग क्रिया कुणावर घडते ते शोधा, ते कर्म. नसेल तर नाही. आता कर्त्याचे लिंग, वचन, पुरुष एकेक करून बदला आणि क्रियापदाचा शेवट हलतो का पाहा. हलला तर कर्तरी. नाही हलला तर तेच कर्माच्या बाबतीत करा. हलला तर कर्मणी. दोघांनाही दाद न देता क्रियापद तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनीच राहिले तर भावे. ‘पैलवानाने डाव टाकला’ घ्या. पैलवानांनी डाव टाकला, पोरीने डाव टाकला : ढिम्म. पैलवानाने उडी टाकली, पैलवानाने पाऊल टाकले : हलला. कर्मणी.

रीत सोपी आहे. चुका होतात त्या पुढच्या जागी.

पहिली जागा, नपुंसकलिंगी कर्म. ‘तिने पुस्तक वाचले’ यातला ‘-ले’ बघून कितीतरी जण भावे लिहितात. पुस्तकच नपुंसकलिंगी एकवचनी आहे, म्हणून ‘वाचले’. कर्म बदलून बघितल्याशिवाय उत्तर लिहू नका : ‘तिने पुस्तके वाचली’, ‘तिने ग्रंथ वाचला’. कर्मणी. उलट ‘पोलिसांनी चोराला पकडले’ यात चोराला, चोरांना, चोरटीला काहीही करा, ‘पकडले’ तसेच. भावे. कर्माला ‘ला’ लागला की भूतकाळात बहुधा भावे होतो, पण ‘बहुधा’च, त्याचे पुढे सांगतो.

दुसरी जागा, भविष्यकाळ. ‘तो आंबा खाईल’ यात लिंग बदलून ‘ती आंबा खाईल’ केले तर क्रियापद जागचे हलत नाही आणि विद्यार्थी गडबडतो. मराठी भविष्यकाळाला लिंग नाही. तिथे वचन आणि पुरुष बदलायचे : ‘ते खातील’, ‘मी खाईन’. कर्तरी ठरला. ‘तो खाई’ हा रीतिभूतकाळ आणि ‘तू खा’, ‘तुम्ही खा’ ही आज्ञार्थाची रूपेही अशीच बिनलिंगाची.

तिसरी जागा सगळ्यांत फसवी : ‘मी’. ‘मी मिसळ खातो’ आणि ‘मी मिसळ खाल्ली’ यांतला ‘मी’ दिसायला एकच, पण विभक्ती वेगळी. ताडून बघायला ‘मी’च्या जागी ‘तो’ ठेवा. ‘तो मिसळ खातो’ जमते, म्हणून तिथे प्रथमा. ‘तो मिसळ खाल्ली’ जमत नाही, ‘त्याने मिसळ खाल्ली’ जमते, म्हणून तिथला ‘मी’ तृतीयेचा. मुळात आपला ‘मी’ संस्कृत ‘मया’ या तृतीयेच्या रूपावरून आला आहे. जुन्या काव्यात ‘म्यां’, ‘त्वां’ अशी वेगळी तृतीया होती. खेड्यात ‘म्या काय केलं?’ म्हणणारी आजी ती अजून वापरते.

चौथी जागा, सकर्मक असूनही भूतकाळात कर्तरी राहणारे धातू. हे पाठच करावे लागतात : पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे, समजणे, नेसणे, चावणे, भेटणे. ‘ती लुगडे नेसली’, ‘ती धडा शिकली’, ‘तो नाव विसरला’. यांतला ‘म्हणणे’ दुहेरी आहे : ‘ती म्हणाली’ कर्तरी, पण ‘तिने गाणे म्हटले’ कर्मणी.

पाचवी, ‘मला मिसळ आवडते’. यात ‘मी’ कर्ता आहे असे वाटते. धातूला ‘-णारा’ लावा : आवडणारी कोण? मिसळ. कर्ता तीच, क्रियापद तिच्याबरोबर चालते (‘वडे आवडतात’), म्हणून कर्तरी. ज्याला आवडते तो संप्रदान (ज्याला उद्देशून क्रिया घडते तो), हे पाणिनीचे ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ (1.4.33) सांगते, म्हणून ‘मला’ चतुर्थीत.

राहिले संकर. ‘तू पुस्तक दिलेस’ यात ‘दिले’ पुस्तकाचे आणि शेवटचा ‘स’ तुझा. दोघांची सरमिसळ म्हणून कर्तृ-कर्मसंकर. ‘आईने मुलीला शाळेत घातली’ यात कर्माला ‘ला’ असूनही क्रियापद त्याला जुळले : कर्म-भावसंकर. शुद्ध भाव्यात ‘मुलीला शाळेत घातले’ झाले असते. ‘तू पन्हाळ्याला जायचे होतेस’ हा कर्तृ-भावसंकर. पर्यायांत संकर दिलेला नसेल आणि वाक्यात ‘-स’ किंवा ‘-त’ची शेपटी असेल, तर शेपटी कापून उरलेल्या रूपावर उत्तर द्या.

कर्ताच नसलेली वाक्येही येतात : ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘मला मळमळते’, ‘सकाळपासून गडगडते आहे’. हे अकर्तृक भावे. कर्ता शोधत बसायचे नाही.

आमच्याकडं सगळेच ‘मी काम केलो’, ‘मी पिक्चर बघितलो’ म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात. बायका पण ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. हे व्याकरणाच्या दृष्टीनं चूक का?
— एक वाचक, शिरोळ

प्रमाण मराठीच्या दृष्टीने चूक. पण बिनव्याकरणाचे नव्हे. या बोलीने केलेला बदल एका नियमाने झाला आहे आणि तो वर सांगितलेल्या तिसऱ्या-चौथ्या जागी झाला आहे.

प्रमाण भाषेत ‘मी जेवलो’ बरोबर, ‘मी जेवण केलो’ चूक. ‘मी बोललो’ बरोबर, ‘मी सांगितलो’ चूक. ‘मी धडा शिकलो’ बरोबर आणि ‘मी धडा वाचलो’ चूक. बोलणाऱ्याच्या कानाला यात फरक करण्याजोगे काही दिसत नाही, कारण ‘मी’ सगळीकडे उघडाच. ‘त्याने’, ‘रामाने’ यांना ‘ने’ लागलेला असल्याने तिथे कर्ता आणि क्रियापद यांची फारकत ऐकू येते. ‘मी’च्या वाक्यात ती ऐकू येत नाही, मग बोलीने सगळ्याच क्रियापदांना एका दावणीला बांधले आणि कर्मणीचा कर्तरी झाला. म्हणूनच हा कल मुख्यतः ‘मी’च्या वाक्यांत ऐकू येतो, ‘त्यानं काम केलं’ म्हणताना तोच माणूस प्रमाण भाषेसारखा बोलतो.

शेजारी कन्नड आहे, हेही विसरून चालणार नाही. कन्नडात क्रियापद सर्व काळांत कर्त्यालाच जुळते : ‘नानु केलस माडिदे’ (मी काम केले), ‘अवनु माडिदनु’ (त्याने), ‘अवळु माडिदळु’ (तिने). कामाचे लिंग-वचन तिथे कुणी विचारत नाही. आणि ‘नानु बंदे’ हे पुरुषाने म्हटले काय, बाईने म्हटले काय, सारखेच. प्रथमपुरुषात लिंगभेद नाही. कोल्हापूरकडच्या बायकांचे ‘मी आलो’ याच्याशी ताडून बघण्याजोगे आहे. तिथे प्रयोग मात्र बदललेला नाही. ‘मी आले’ आणि ‘मी आलो’ दोन्ही कर्तरीच. फक्त लिंगाचा फरक पुसला गेला. तेव्हा या दोन लकबी एकाच टोपलीत टाकू नका.

हसणाऱ्या पाहुण्यांना पतंजलीच्या महाभाष्यातले एक निरीक्षण सांगता येईल. घट हवा असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जाऊन ‘घट कर’ म्हणतो. पण शब्द वापरायचे म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘शब्द कर, मला प्रयोग करायचा आहे’ असे म्हणत नाही. लोक बोलतात, व्याकरण मागून येते.

हे घरी, तालमीत, बाजारात. उत्तरपत्रिकेत, अर्जात, बातमीत ‘मी काम केले’ असेच लिहा. मुलांना शिकवताना ‘चूक’ म्हणून फुली मारण्यापेक्षा ‘मी’च्या जागी ‘त्याने’ ठेवून वाक्य म्हणायला लावले तर दुरुस्ती त्यांची त्यांना सापडते : ‘त्याने काम केले’, म्हणून ‘मी काम केले’.

कार्यालयात पत्रे तयार करतो. ‘कळविण्यात येते’, ‘मागविण्यात येत आहेत’ यांत क्रियापद कधी एकवचनी, कधी अनेकवचनी ठेवायचे ते कळत नाही. साहेब दर वेळी वेगळी दुरुस्ती करतात.
— ग्रामपंचायतीतले एक कर्मचारी, करवीर तालुका

‘-ण्यात येणे’ ही कर्त्याला पडद्याआड ठेवणारी रचना. तिचा नियम एकच : ज्या कर्माला ‘ला/ना/स’ लागलेला नाही, त्याला ‘येणे’ जुळते. ‘निविदा मागविण्यात येत आहेत’, ‘मुदत देण्यात आली आहे’, ‘अर्ज फेटाळण्यात आले’. असे कर्म वाक्यात नसेल, तर ‘येणे’ नपुंसकलिंगी एकवचनी : ‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की…’, ‘थकबाकीदारांना सूचित करण्यात येत आहे’. ग्रामस्थ शेकड्यांनी असले तरी ‘येतात’ होत नाही, कारण त्यांना ‘ना’ लागलेला आहे.

दोन चुका नेहमीच्या. ‘पाच दिवसांची मुदत देण्यात आले आहे’ : मुदत स्त्रीलिंगी, ‘आली आहे’ हवे. मधे ‘पाच दिवसांची’ आल्याने लिहिणाऱ्याचा हात घसरतो. आणि ‘लाभार्थ्यांना धनादेश वाटप करण्यात आले’ : इथे जुळवायचे ते ‘वाटप’शी की ‘धनादेशां’शी हेच ठरलेले नाही. ‘धनादेशांचे वाटप करण्यात आले’ किंवा ‘धनादेश वाटण्यात आले’, दोन्हींपैकी एक लिहा.

खरे म्हणजे निम्म्या ठिकाणी ही रचना नकोच असते. ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’ यापेक्षा ‘ग्रामपंचायत मंगळवारी पाणी सोडणार नाही’ हे छोटे आणि जबाबदारीचे. कर्ता सांगायचाच असेल आणि तरी कर्मणी हवा असेल तर ‘कडून’ वापरा. ‘द्वारा’, ‘द्वारे’ साधनासाठी ठेवा : ‘टँकरद्वारे पाणी’ चालेल, ‘सरपंचांद्वारे उद्घाटन’ हा हिंदीचा हात. पण ‘कडून’लाही स्वतःचा स्वभाव आहे. ‘माझ्याकडून काच फुटली’ म्हणजे मी फोडली नाही, फुटली. वाक्य कर्तरी आहे, ‘फुटणे’ची कर्ती काच, आणि ‘माझ्याकडून’मध्ये नुसती कबुली. मराठी माणूस ही सोय जन्मभर वापरतो.

‘अधिनियमान्वये’ मधला ‘अन्वय’ आणि शाळेत कवितेचा लावतात तो ‘अन्वय’ एकच का?
— एक वकील, ताराबाई पार्क

एकच. अनु + इ (जाणे), म्हणजे मागोमाग जाणे, अनुसरणे. कायद्यात ‘त्या कलमाला अनुसरून’, कवितेत ‘एका शब्दामागे नात्याने येणारा दुसरा शब्द’. अन्वय लावायच्या दोन जुन्या रीती आहेत. दंडान्वयात शब्द सरळ ओळीत मांडायचे : कर्ता, कर्म, क्रियापद आणि त्यांची विशेषणे त्यांच्या त्यांच्या आधी. खंडान्वयात आधी क्रियापद धरायचे आणि ‘कोण?’, ‘काय?’, ‘कुठे?’, ‘कशाने?’ असे विचारत एकेक शब्द ओढून घ्यायचा. ओवी-अभंगातल्या उलटसुलट ओळींना दुसरी रीत जास्त उपयोगी पडते. प्रयोग ओळखायची वर दिलेली रीत हा खंडान्वयाचाच पहिला टप्पा.

‘कर्तरि’ लिहावे की ‘कर्तरी’? जुन्या पुस्तकात ऱ्हस्व दिसते, नव्या पुस्तकात दीर्घ.
— एक मुद्रितशोधक, लक्ष्मीपुरी

संस्कृत रूप ‘कर्तरि’, ‘कर्मणि’, दोन्ही ऱ्हस्व. 1962 साली ठरलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार मराठीत शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ लिहितात (कवी, मती, गुरू), म्हणून ‘कर्तरी प्रयोग’, ‘कर्मणी प्रयोग’. ‘तथापि’, ‘परंतु’ यांसारखी तत्सम अव्यये, तसेच ‘आणि’, ‘नि’ ही तेवढी ऱ्हस्व राहतात. संस्कृत वाक्य जसेच्या तसे उद्धृत करताना मात्र ‘कर्तरि’च ठेवा. जोडून लिहिणार असाल तर समासाच्या नियमाने ‘कर्तरिप्रयोग’. एकाच पुस्तकात दोन्ही तऱ्हा नकोत. दीर्घ ‘कर्तरी’ असा संस्कृतात वेगळा शब्द आहे, ‘कृत्’ (कापणे) धातूचा, आणि त्याचा अर्थ कात्री. आपली ‘कात्री’ त्याच्यावरूनच आली. व्याकरणातल्या कर्तरीचा धातू ‘कृ’, करणे. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही.